ढकलू नये

दवण्याचा वास आणि जळक्या ऑइलचा वास एकमेकांत मिसळले की जो तिसरा वास जन्मतो, त्याला मराठीत नाव नाही. शब्द शोधण्यातच माझं अर्धं आयुष्य गेलं, तरी ते सापडलेलं नाही. हिरवा, ओलसर, किंचित कडू असा तो वास. आणि त्याच्या पोटातून गेलेली धुराची एक काळी रेघ. तुमच्या पदराला तो होता, आत्या. लग्न होऊन आल्यावरच्या पहिल्याच रविवारी जोतिबाच्या डोंगरावरून उतरताना मी तुम्हाला खेटून बसले होते. तुमच्या मांडीवर दवण्याची जुडी होती, कपाळभर गुलाल होता, आणि पुढच्या सीटखाली मामांच्या रिक्षाचं इंजिन तापून धपापत होतं. सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणायची इकडची रीत मला, रत्नागिरीकडच्या मुलीला, अजून जिभेवर जड वाटत होती. तो वास मात्र त्याच दिवशी माझा झाला.

उतरताना बसले होते असं लिहिते, कारण चढताना बसले नव्हते. कुणीच बसलं नव्हतं. शेवटच्या वळणावर मामांची रिक्षा दम टाकायची. मामा मागं वळून काही म्हणत नसत. फक्त एकदा खोकत. त्या खोकल्यासरशी घरातली सगळी माणसं न बोलता उतरली, थांबा आल्यासारखी. माझ्या नवऱ्यानं, प्रकाशनं, बाह्या सरसावल्या, तुम्ही पदर खोचला, आणि मी शालूचा घोळ एका हातात धरून दुसरा तळवा तापलेल्या पत्र्याला लावला. वर गाडीतळाशी दवणा-नारळ घेऊन बसणाऱ्या गौराबाई आमची वाटच बघत होत्या.

"आलं का ढकलगाडं!" त्या एवढ्या मोठ्यानं ओरडल्या की पायऱ्यांवरचे लोक वळून बघू लागले. "हौसाक्का, अगं, नवी नवरी बी जुंपलीस व्हय? हळद तरी वाळू द्यायची!"

सगळे हसले. मामाही हसले. मी तर सर्वांत जास्त हसले, कारण नव्या घरात हसणं सोपं असतं. तुम्ही तेवढ्या हसला नाहीत. "गप गं. दवणा दे," एवढंच म्हणालात. त्या चार शब्दांखाली काय होतं, ते मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

*

मामा गेले आणि रिक्षा आपल्या शाहूपुरीतल्या घराच्या भिंतीला लागून ताडपत्रीखाली उभी राहिली. हूडचं कापड विरलं, पुढच्या एकुलत्या चाकात तणाची मुळं गेली. वर्षं सरली. मग एके सकाळी मी कॉलेजला शिकवायला निघाले असताना तुम्ही ताडपत्री ओढून खाली टाकलीत. धुळीचा, उंदरांचा आणि गंजाचा लोट उठला. त्याच्या मधोमध तुम्ही कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"प्रकाश, हिला नवं काळीज बसवायचं."

"आई, भंगारात घालायच्या वयाची हाय ती," प्रकाश म्हणाला. बँकेत तो शुद्ध बोलतो. तुमच्यापुढं त्याची भाषा आपोआप घरी यायची.

"मी बी त्याच वयाची हाय. घालतोस?"

एवढ्यावर तो विषय संपला. कशासाठी हे विचारल्यावर तुम्ही एकच सांगितलंत: एकदा डोंगर बसून चढायचा. न उतरता, न ढकलता, आणि मामांच्याच रिक्षातून. भाड्याची गाडी करू म्हटलं तर तुम्ही अशा नजरेनं पाहिलंत की मी माझं वाक्य परत घेतलं.

उद्यमनगरातले सलीमभाई मामांचे मित्र. लेथ चालवता चालवता त्यांचे केस पांढरे झालेले. त्यांनी रिक्षाभोवती दोन फेऱ्या मारल्या, पत्र्यावर टिचक्या मारल्या, आणि म्हणाले, "आक्का, सांगाडा टिकंल. हूड, दिवा, भोंगा सगळं जुन्या घाटाचं करू. पण हे इंजिन गेलं. आणि तुमाला डोंगर पायजे म्हंजे त्याच्या जागी दांडगं काय तरी घालाय लागंल."

ते दांडगं काही तरी मुरगूडला मिळालं. कालव्यात कलंडून चेंगरलेली एक मालवाहू तीनचाकी एका गोठ्यामागं पडली होती. अंगाचा चेंदामेंदा, पण डिझेलचं इंजिन शाबूत. ते चालू केल्यावर गोठ्यातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या. तुम्ही हात त्याच्या अंगावर ठेवलात, जसा तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात, आणि मला म्हणालात, "तू बी ठेव." माझ्या तळव्यातून कोपरापर्यंत एक खोल, सावकाश थरथर चढली. डुग, डुग, डुग. शेतातल्या पंपासारखा आवाज. मामांच्या रिक्षाचा आवाज पातळ होता, पतंगाच्या मांज्यासारखा ताणलेला, चिरका. मला तो आठवला आणि मी तिथंच, शेणाच्या आणि डिझेलच्या वासात उभी राहून वाद घातला.

"आत्या, आवाजच बदलला तर तिला मामांची रिक्षा कसं म्हणायचं?"

"का? तुझ्या मामांचा आवाज दात पडल्यावर बदलला न्हवता व्हय? म्हणून काय मी दुसरा नवरा केला म्हणायचं?"

गोठ्याचा मालक खोकून हसला. सलीमभाईंनी तोंड फिरवलं. गेली कित्येक वर्षं मी वर्गात ध्वनी आणि अर्थ यांचं नातं शिकवते आहे, पण तुमच्या त्या वाक्यापुढं माझा एकही दाखला उभा राहीना. वाद तिथं संपला नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. तो आपण भाकरी थापताना घातला, दवाखान्याच्या बाकावर घातला, रंगाच्या दुकानात घातला. आता उत्तर सुचलं आहे. ते पुढं सांगते.

*

ती रिक्षा घडत होती ते महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत नादमय महिने होते. लेथवर लोखंड कातताना निघणारी निळसर कुरळी साल, तिचा गरम, आंबट वास. हातोड्यानं पत्रा सरळ होताना आधी भांडल्यासारखा आणि शेवटी समजूत पटल्यासारखा बदलत जाणारा सूर. तुम्ही दुपारचा डबा घेऊन कारखान्यात यायचात, खुर्ची नाकारून पालथ्या डब्यावर बसायचात आणि प्रत्येक गोष्टीत बोलायचात. इंजिन जड म्हणून सांगाड्याला खालून लोखंडी पट्ट्या जोडल्या, तेव्हा तुम्ही म्हणालात, "मला बी गुडघ्याला असलं काय तरी लाव, सलीम." पितळी भोंगा राखेनं घासताना तुम्ही इतका चकचकीत केलात की त्यात तुमचा चेहरा फुगून दिसायला लागला, आणि त्या फुगलेल्या चेहऱ्याला तुम्हीच नावं ठेवलीत.

आणि मग ती चूक. आपल्या तिघांची, समसमान. इंजिन जागेवर ठेवून पाहिलं तेव्हा सायलेन्सर डाव्या अंगाला येत होता, नेमका आपण चढतो त्या बाजूला. तुम्ही म्हणालात, "लुगड्याला भोक पडंल." मी म्हणाले, "खरंच, भाजेल कुणाला तरी." सलीमभाई म्हणाले, "मग उलटं फिरवून बसवू की. त्यात काय हाय!" तोंड फिरवल्यावर पाठही फिरते, एवढी साधी गोष्ट. पण तिघांच्याही डोळ्यांपुढं फक्त लुगडं होतं.

पहिल्यांदा रिक्षा चालवायचा दिवस ठरला. गल्लीतली सगळी माणसं गोळा झाली. हार घातला, नारळ फोडला, चाकांच्या पुढं लिंबं ठेवली. तुम्ही हिरवं लुगडं नेसून मागच्या सीटवर, हूडची दांडी धरून, मिरवणुकीत बसल्यासारख्या बसलात. सलीमभाईंनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि रिक्षा रुबाबात, दणदणीत आवाज करत मागं निघाली.

"सलीम! देव पुढं हाय रे!" तुम्ही ओरडलात.

सलीमभाई गडबडले, त्यांनी दुसरा गिअर टाकला. ती आणखी वेगानं मागं गेली आणि शेजारच्यांच्या कुरडया वाळत घातलेल्या बाजेला टेकून थांबली. इंजिन उलटं बसवलं होतं, म्हणून चाकंही उलटी फिरत होती: जेवढे पुढचे गिअर तेवढे मागं नेणारे, आणि मागं जायचा जो एकच, तो तेवढा पुढं नेणारा. चाकांपुढची लिंबं अखंड, पिवळीजर्द, जागच्या जागी. सलीमभाई रस्त्यातच डोकं धरून बसले.

तुम्ही हसायला लागलात. आधी पोट हललं, मग खांदे, मग रिक्षा. कुरडयांचे तुकडे तुमच्या पदरावर पडले होते, त्यातला एक उचलून तुम्ही तोंडात टाकलात आणि म्हणालात, "चालली की पण! का रडतोस? लई झालं तर डोंगर पाठीकडनं चढू." आणि शेजारणीकडं वळून, "मीठ कमी पडलंय गं ह्यात."

आत्या, माणसाची फजिती होते तेव्हा त्याचा खरा आवाज ऐकू येतो असं मला त्या दिवसापासून वाटतं. तुमचा ऐकला. त्यात शरम नावालाही नव्हती.

सलीमभाईंनी मग दोन दातेरी चाकं कातली आणि इंजिन आणि साखळी यांच्यामध्ये बसवली. एकमेकांत दात अडकवलेली ती चाकं उलटसुलट फिरतात, म्हणून गाडी सरळ जाते. तुम्ही बराच वेळ ती हातानं फिरवत बसला होतात. "मी आणि तुझा मामा," एवढंच म्हणालात आणि तेलाचा हात लुगड्याला पुसलात. दुसऱ्यांदा गाडी काढताना तुम्ही तीच जुनी, सुकून आक्रसलेली लिंबं चाकांपुढं ठेवायला लावलीत. "उष्टी न्हाईत ती," तुम्ही म्हणालात. या वेळी ती फुटली. किती थोडासा, आणि किती झणझणीत वास होता त्यांचा.

*

राहिला प्रश्न मागच्या पत्र्याचा. कोल्हापुरात रिक्षाच्या पाठीवर काही लिहिलेलं नसेल तर ती उघडी वाटते. मी तुम्हाला ओळी सुचवत गेले. डोंगरावरच्या वाऱ्याची एक, तीन चाकांच्या तीन पिढ्यांची एक. तुम्ही शांतपणे ऐकून घ्यायचात.

"लई गोड हाय. साखर कारखान्यावर लाव जा."

"मग तुमच्या मनात काय आहे?"

"'ढकलू नये'."

मला ते रांगडं वाटलं. एवढी देखणी गाडी, विटकरी रंगाची, काळ्या हूडची, पितळी भोंग्याची, आणि तिच्या पाठीवर सरकारी पाटीसारखी ताकीद! आपण त्यावर अबोला धरला, चांगला दोन दिवस. प्रकाश मध्ये बसून दोन्हीकडचे निरोप पोहोचवत होता. पत्रा कोराच राहिला.

गाडी चालवायला मात्र तुम्ही मलाच शिकायला लावलंत. प्रकाश कागदपत्रांसाठी आर.टी.ओ.च्या पायऱ्या चढू उतरू लागला, पण चालवायचं म्हटलं की त्याच्या हाताला घाम सुटायचा. "तू चालव," तुम्ही मला म्हणालात. "मी बसतो मागं, पाटलिणीगत." सकाळी मैदानात मी गिअर अडखळत टाकायचे, आणि मागून तुमचा आवाज यायचा, "कविता म्हणाय लागलीस काय? क्लच सोड!" सगळ्या गल्लीत मला मॅडम न म्हणता नावानं ओरडणारा एकच आवाज होता. तो माझ्या मानेच्या मागच्या बाजूला अजून येतो.

रविवारी डोंगरावर जायचं ठरलं होतं. शुक्रवारी सकाळी तुम्ही चहा अर्धा प्यायलात, कप खाली ठेवलात, आणि त्या ठेवण्याचा आवाज मला नेहमीपेक्षा वेगळा वाटला म्हणून मी वळले.

याहून जास्त मला लिहिता येत नाही.

*

तेरावं उरकल्यावर लोक म्हणाले, वर्षभर देवाच्या दारात जायचं नसतं. आम्ही देवळात जाणार नव्हतोच. आम्हाला फक्त डोंगर हवा होता, गाडीतळापर्यंतचा.

तेराव्यानंतरच्या रविवारी सकाळी मी रिक्षा बाहेर काढली तेव्हा सलीमभाई दारात उभे होते, आणि त्यांच्या पायाशी एक गच्च पोतं होतं. दोघांनी मिळून ते मागच्या सीटवर, मधोमध, ठेवलं. सीटच्या स्प्रिंगा कण्हल्या. तो आवाज मी ओळखला. तुम्ही बसलात की त्या तशाच कण्हायच्या.

"काय आहे हे, सलीमभाई?"

"लोखंड. आक्काच्या वजनाचं." ते जमिनीकडं बघत होते. "फसवून चढायचं न्हाई, वहिनी. हलकी गाडी चढली तर काय चढली? आक्कानं मला मेल्यावर बी सोडलं नसतं."

प्रकाशनं पोत्यावर तुमची चौकड्याची शाल घातली. कुणीच कुणाकडं पाहिलं नाही. मग सलीमभाई म्हणाले, "तुमाला सांगितलं न्हाई आक्कानं. मला सांगितलेलं. आक्का म्हणाली, सून पहिल्याच रविवारी शालू नेसून ढकलत वर गेली. गौरानं चारचौघांत हसं केलं. पोर हसली, पण माझ्या जिवाला लागलं. तिला एकदा बसवून न्यायचं हाय."

आत्या, मी इतके महिने समजत होते की तुम्हाला बसून जायचंय.

मी स्टिअरिंगचा दांडा धरला. इंजिन चालू केलं. एका बाजूला सलीमभाई, दुसऱ्या बाजूला प्रकाश, मध्ये तुम्ही. शहर मागं पडलं, गुऱ्हाळाचा गोडसर धूर एकदा नाकाला लागून गेला, आणि घाट सुरू झाला. डुग, डुग, डुग. कुठंही घाई नाही. वाऱ्याला उन्हाची आणि सुकलेल्या गवताची चव होती. पत्रा गुणगुणत होता. सलीमभाईंनी जिथं जिथं हातोडा मारला होता तिथं तिथं वेगळ्या स्वरात. मी गिअर खाली आणले. एक. मग आणखी एक.

शेवटचं वळण आलं. इंजिनाचा आवाज जड झाला, दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं. मला मागं हालचाल जाणवली. प्रकाशचा पाय, लहानपणापासूनच्या सवयीनं, आपणहून बाहेर निघाला होता.

"पाय आत घे!" सलीमभाईंनी त्याच्या गुडघ्यावर चापट मारली. "कोण खोकलंय का?"

कुणी खोकलं नव्हतं.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं, आत्या. मामांची रिक्षा म्हणजे तिचा तो चिरका आवाज, असं मी धरून बसले होते. पण आम्ही तिघंही कान देऊन ज्याची वाट बघत होतो तो इंजिनाचा आवाज नव्हता. मामांचा खोकला होता. आणि तो, माणसासकट, अजून त्याच जागी होता. तेव्हा आवाज बदलूनही गाडी तीच राहते, हे मला मान्य. मात्र कारण तुमचं नव्हे, माझं. एवढा तरी वाद मला जिंकू द्या.

रिक्षा एकदा, जड पाय उचलावा तशी, पुढं झुकली. आणि चढली.

गाडीतळावर भोंगा वाजवायचं मी ठरवलं नव्हतं; हात आपोआप रबरी फुग्यावर गेला. गौराबाई दवण्याच्या जुड्यांना पाणी मारत होत्या. भोंगा ऐकून त्यांनी मान वर केली. तुम्ही गेल्याचं त्यांना कळलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर ते आधी उमटलं. नंतर त्यांची नजर, इतक्या वर्षांच्या सवयीनं, आमच्या मागच्या रस्त्यावर गेली, घामाघूम माणसं शोधत. रस्ता मोकळा होता. त्या उठल्या. प्रकाशच्या कोरड्या सदऱ्याकडं पाहिलं, सलीमभाईंच्या स्वच्छ तळव्यांकडं पाहिलं, शालीखालच्या पोत्याकडं पाहिलं आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. मग रिक्षाच्या मागं गेल्या.

हो, आत्या, मी लिहून घेतलं आहे. मोठ्या, पांढऱ्या, ठसठशीत अक्षरांत. तुमचीच ओळ. इतक्या नेमक्या दोन शब्दांची कविता मला जन्मात जमली नसती.

गौराबाईंनी ते दोन्ही शब्द, ओळख पटल्यासारखे, बोटानं चाचपले. पुढं आल्या. ताटातला गुलाल मुठीत घेऊन त्यांनी दिव्यावर, हूडवर, त्या शालीवर उधळला, आणि ओल्या दवण्याची एक जुडी माझ्या मांडीवर ठेवली. इंजिन अजून तापलेलं होतं. तो नाव नसलेला वास खालून वर आला, तोच, आणि माझ्या पदरात शिरला. मी अजून सीटवरच होते. गौराबाईंनी माझ्या चेहऱ्याकडं टक लावून पाहिलं, एकदा मागच्या मोकळ्या रस्त्याकडं पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात, ज्या आवाजात त्यांना मी कधीच बोलताना ऐकलं नव्हतं, विचारलं,

"बसून?"